तेलाचा थेंब आणि वामनाचें माप

गेल्या महिन्याच्या टपालांत आलेल्या पत्रांपैकीं एका भगिनीचें पत्र आम्हीं मुद्दाम वेगळें काढून ठेविलें होतें. त्यांचें कुटुंब मोठें. सासूसासरे, दोन दीर, जावा आणि पांच मुलें एकाच घरांत नांदतात. थोरल्या दिरांचा मुलगा नववींत आहे व त्यांची स्वतःची कन्या आठवींत. मुलाच्या शाळेंत ‘नॅनो विज्ञान’ या विषयाची दोन दिवसांची कार्यशाळा झाली. तिची फी भरून मुलगा जाऊन आला आणि एक रंगीत प्रशस्तिपत्रक घेऊन घरीं परतला. रात्रीं पानावर बसले असतां मामंजींनीं त्यास विचारलें, ‘‘नॅनो म्हणजे काय रे?’’ मुलानें तत्काळ सांगितलें, ‘‘आजोबा, एका मीटरचा शंभर कोटीवा भाग म्हणजे एक नॅनोमीटर.’’ ‘‘ठीक. मग एवढी लहान वस्तु आपल्या घरांत कोणती?’’ मुलानें जरा विचार केला आणि फोडणींतली मोहरी दाखविली! सारीं हंसलीं, मुलगा ओशाळला व पुढें जेवला नाहीं.

या भगिनी लिहितात, ‘‘हंसण्यांत मीही होतें, पण निजतांना मनांत आलें, मला तरी काय सांगतां आलें असतें? माझ्या मुलीलाही त्या कार्यशाळेस जावयाचें होतें. परंतु ‘मुलीला काय करावयाचे आहेत असले विषय, पुढें पाहूं’ असें घरांत ठरलें आणि तिची फी भरली गेली नाहीं. ती कांहीं बोलली नाहीं. भावाची वही मात्र तिनें दोन दिवस उशाशीं ठेविली होती. हा विषय घरांत, विशेष खर्च न करितां, शिकवितां येईल काय? आणि आठवींतल्या मुलीनें तो शिकावा एवढी त्याची योग्यता आहे काय?’’

दोन्ही प्रश्नांस आमचें उत्तर ‘होय’ असेंच आहे. मात्र तें पटावयास थोडा विस्तार केला पाहिजे. प्रथम त्या मुलाची बाजू घेतों. मोहरीचा दाणा सुमारें दीड मिलिमीटरचा, म्हणजे पंधरा लक्ष नॅनोमीटरांचा. उत्तर चुकलें खरें. परंतु त्यांत मुलाचा दोष फारसा नाहीं. त्यास आंकडा मिळाला होता, माप मिळालें नव्हतें. ‘बारा कोस’ हे शब्द एखाद्यास मुखोद्गत असावेत आणि तो एक कोसही कधीं पायीं चाललेला नसावा, तशांतला हा प्रकार. अमेरिकेंत २००९ सालीं तिघा शिक्षणतज्ज्ञांनीं माध्यमिक शिक्षकांकरितां या विषयाचा एक मार्गदर्शक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत नऊ मूलकल्पना सांगितल्या आहेत आणि त्या नवांत ‘आकार व प्रमाण’ या कल्पनेस मानाचें पान दिलें आहे. तें योग्यच होय. कारण धुळीचा कण, रोगजंतु, रेणु आणि अणु हीं सारीं ‘फार लहान’ या एकाच पोत्यांत कोंबलेलीं असतात. आणि तीं केवळ मुलांच्याच डोक्यांत तशीं असतात असें नव्हे.

शब्दाचा इतिहास थोडक्यांत सांगून टाकूं. ‘नॅनो’ हा मूळ ग्रीक शब्दावरून आला असून त्याचा अर्थ खुजा मनुष्य, बुटबैंगण. आपण त्यास खुशाल वामन म्हणावें. मापाच्या आंतरराष्ट्रीय पद्धतींत हा उपसर्ग १९६० सालीं अधिकृतपणें दाखल झाला, आणि १९७४ सालीं नोरिओ तानिगुची या जपानी अध्यापकानें ‘नॅनोटेक्नॉलॉजी’ हा जोडशब्द प्रथम वापरला. २००८ सालीं आपल्याकडे याच नांवाची एक लहान मोटार लोकांपुढें आली, तेव्हांपासून ‘नॅनो’ म्हणजे ‘छोटी’ एवढाच अर्थ घरोघर रूढ झाला. ती मोटार लांबीनें सुमारें तीनशें दहा कोटी नॅनोमीटर भरत होती, ही गोष्ट मुलांस अवश्य सांगावी. त्यांस ती विसरतां येत नाहीं.

आतां माप. घरांतील मुलांस आपलें नख पाहावयास सांगा. नख महिन्याकांठीं सुमारें तीन मिलिमीटर वाढतें. भागाकार केला तर एका सेकंदास एक नॅनोमीटराहून किंचित् अधिक. ‘एक’ म्हणेपर्यंत नख जेवढें वाढलें तेवढा आपला वामन. केंसाची जाडी सुमारें ऐशीं हजार नॅनोमीटर, रक्तांतील तांबडी पेशी सात-आठ हजार, सामान्य जंतु हजार-दोन हजार, ज्या विषाणूनें २०२० सालीं साऱ्या जगास घरांत कोंडून घातलें तो सुमारें शंभर, आणि पाण्याचा रेणु एका नॅनोमीटराच्या तिसऱ्या हिश्शाइतका. ही उतरंड पाठ करवून घेऊं नये. मुलांनीं ती भिंतीवर खडूनें काढावी, प्रत्येक पायरी दसपट लहान धरून. सात-आठ पायऱ्या उतरल्यावर जागा कां पुरते, याचा विचार तींच करूं लागतात.

दुसरा एक खेळ कात्रीचा. अठ्ठावीस सेंटिमीटर लांबीची कागदाची पट्टी घ्यावी. तिचे दोन समान भाग करून एक टाकून द्यावा. उरलेल्याचे पुनः दोन भाग. असें करीत जावें. चलाख मूल नवव्या वेळेपर्यंत पोंचतें. त्या वेळीं हातांत अर्ध्या मिलिमीटरचा तुकडा उरतो आणि कात्री हार खाते. कागदाची पट्टी एका नॅनोमीटरवर यावयास किती वेळां कापावें लागेल, हें मुलांस आधीं विचारावें. कोणी हजार सांगतें, कोणी लाख. खरें उत्तर अठ्ठावीस. आठवींतल्या मुलांस घातांक शिकवितात ते कशासाठीं, हें या एका पट्टीनें जितकें कळतें तितकें दहा उदाहरणांनीं कळत नाहीं.

परंतु हा सारा अजून आंकड्यांचाच खेळ झाला. नॅनोमीटर प्रत्यक्ष मोजून दाखविणारा, घरच्या परातींत होणारा प्रयोग आहे. आणि आमच्या मतें हा विषय तेथूनच शिकवावयास लागावें. त्याची कथाही मोठी सरस आहे.

बेंजामिन फ्रँकलिन हें नांव वाचकांस विजेच्या पतंगामुळें ठाऊक असेल. हे गृहस्थ लंडनमध्यें राहत असतां आपल्या बांबूच्या काठीच्या वरच्या पोकळ पेरांत थोडें तेल भरून हिंडत. क्लॅपहॅम येथील एका तळ्यावर वाऱ्यानें लाटा उठल्या असतां त्यांनीं त्यांत तेल ओतलें. तें एक चहाचा चमचाभरही नव्हतें. पाहतां पाहतां तें पसरत गेलें आणि सुमारें अर्धा एकर पाणी आरशासारखें गुळगुळीत झालें. हा वृत्तांत १७७४ सालीं रॉयल सोसायटीच्या ग्रंथमालेंत छापला गेला. आतां अर्धा एकर म्हणजे सुमारें दोन हजार चौरस मीटर आणि चमचा चार घन सेंटिमीटरांचा धरूं. तेलाच्या त्या थराची जाडी किती? दोन नॅनोमीटर. फ्रँकलिन यांनीं हा भागाकार केला नाहीं. तो करावयास एवढ्या बुद्धिमान जगास आणखी शंभराहून अधिक वर्षें लागलीं, याचें आम्हांस नेहमीं नवल वाटतें. कारण आपल्याकडील कोणतीही सुगरण हें गणित हातानें जाणते. एकाच उंड्याची पोळी जितकी मोठी लाटावी तितकी ती पातळ होते. उंडा ठाऊक, पोळीचा घेर ठाऊक. जाडी आपोआप निघाली.

तो भागाकार इंग्लंडांत लॉर्ड रॅले या पदार्थविज्ञानवेत्त्यानें १८९० सालीं केला, आणि त्यानें साधन कोणतें वापरावें? कापूर! देवघरांतल्या कापराचे बारीक तुकडे स्वच्छ पाण्यावर टाकले तर ते वेड्यासारखे गरगर नाचूं लागतात, हें पुष्कळांनीं पाहिलें असेल. पाण्यावर तेलाचा पुरेसा थर आला कीं हा नाच थांबतो. रॅलेनें चौऱ्याऐंशी सेंटिमीटर व्यासाच्या टबांत पाणी भरलें आणि नाच थांबावयास किती ऑलिव्ह तेल लागतें तें तोललें. एक मिलिग्रॅमही लागलें नाहीं. त्यावरून थराची जाडी एक पूर्णांक सहा दशांश नॅनोमीटर निघाली. ज्या काळीं अणु-रेणु खरोखर आहेत कीं नाहींत याविषयीं मोठमोठे पंडित भांडत होते, त्या काळची ही गोष्ट आहे.

याच सुमारास जर्मनींतील ब्राउनश्वाइग या गांवीं आग्नेस पोकेल्स नांवाची एक अविवाहित स्त्री आपल्या आजारी आईबापांची शुश्रूषा करीत घर सांभाळीत होती. तिचा जन्म १८६२ सालचा. मुलींच्या शाळेंत तिला पदार्थविज्ञानाची गोडी लागली होती. परंतु त्या काळीं तेथें स्त्रियांस विश्वविद्यालयाचें दार बंद होतें, आणि पुढें तें किलकिलें झालें तेव्हां आईबापांच्या इच्छेखातर ती गेली नाहीं. तिचा धाकटा भाऊ फ्रीडरिख मात्र ग्योटिंगेन येथें शिकावयास गेला. हा भाऊ चांगला होता. आपलीं पुस्तकें तो बहिणीस पाठवी. भांडीं घासतांना खरकट्या पाण्याचा पृष्ठभाग निरनिराळा वागतो, हें तिच्या ध्यानांत आलें, असें सांगतात. विशीच्या आंतबाहेर असतांनाच तिनें स्वयंपाकघरांत प्रयोग मांडले. साधन काय, तर सत्तर सेंटिमीटर लांब, पांच रुंद व दोन खोल असें एक पत्र्याचें पन्हळ, कांठोकांठ पाण्यानें भरलेलें. त्यावर आडवी ठेविलेली दीड सेंटिमीटर रुंदीची पत्र्याची पट्टी. आणि एक हलका तराजू. पट्टी सरकवून पाण्याचा पृष्ठभाग हवा तेवढा लहानमोठा करावयाचा, वरची चिकट मळी एका बाजूस रेटावयाची, आणि एक चिमुकली चकती पाण्यावरून उचलावयास किती जोर लागतो तें तराजूनें पाहावयाचें. एवढ्यावर तिनें दहा वर्षें काढलीं. कोणास दाखवावें असें गांवांत कोणी नव्हतें.

रॅलेच्या कामाची वार्ता कळल्यावर १० जानेवारी १८९१ रोजीं तिनें त्यास एक पत्र लिहिलें. सरदार घराण्यांतला नामांकित शास्त्रज्ञ, आणि पत्र एका अनोळखी गृहिणीचें, तेंही जर्मन भाषेंत. रॅलेच्या पत्नीनें त्याचें भाषांतर केलें. रॅलेनें तें वाचलें, आणि या बाईंनीं घरगुती साधनांनीं मोलाचे निष्कर्ष काढले आहेत असें लिहून तें ‘नेचर’ या नियतकालिकाकडे धाडून दिलें. १२ मार्च १८९१ च्या अंकांत तें छापलें गेलें. पुढें अमेरिकेंत अर्व्हिंग लँगम्यूर यानें १९१७ सालीं याच पद्धतीनें एका रेणूच्या जाडीचे थर मोजले, आणि १९३२ सालीं त्यास नोबेल पारितोषिक मिळालें. त्याच १९३२ सालीं ब्राउनश्वाइगच्या विद्यालयानें सत्तर वर्षांच्या आग्नेसबाईंस सन्मानार्थ डॉक्टर ही पदवी दिली. तीन वर्षांनीं त्या वारल्या. ते पन्हळ मात्र आज बहुतेक ठिकाणीं लँगम्यूरच्या नांवानें ओळखलें जातें.

‘मुलीला काय करावयाचे आहेत असले विषय’ असें ज्या घरांत ठरलें, त्या घरांतील वडील मंडळींस आमची विनंति इतकीच कीं, हा प्रयोग करितांना सुई त्या मुलीच्या हातीं द्यावी. आणि भावानेंही आपली वही तिला उशाशीं ठेवावयास नुसती न देतां तिच्या शेजारीं बसून वाचावी.

प्रयोग असा. स्टीलची मोठी परात, निदान चाळीस सेंटिमीटर व्यासाची, घासून गरम पाण्यानें तीनचार वेळां विसळावी. भांड्यांच्या साबणाचा लेशही राहतां कामा नये. साबणही तेलाप्रमाणेंच पाण्यावर पसरतो आणि सारें बिघडवितो. परातींत पाणी भरून तें निश्चल होऊं द्यावें. मग तोंडास लावावयाची साधी पावडर तलम कपड्यांतून अगदीं विरळ शिंपडावी, पाण्यावर धुक्यासारखा पडदा दिसेल इतकीच. आतां बारीक सुईचें टोंक तेलांत बुडवून झटकावें व त्यावर एक नखभरही नव्हे असा सूक्ष्म थेंब धरावा. भिंगाखालीं मोजपट्टीशेजारीं धरून त्याचा व्यास पाहावा. अर्धा मिलिमीटर असला तर उत्तम. हें मोजण्याचें काम धीराचें आहे, तेथें घाई करूं नये. मग सुईचें टोंक परातीच्या मधोमध पाण्यास हलकेंच लावावें. क्षणांत पावडर चोहोंकडे पळते आणि मध्यें एक स्वच्छ वाटोळें मैदान मोकळें होतें. घरांतील आजोबांपासून रांगत्या मुलापर्यंत सर्वांच्या तोंडून एकदम उद्गार निघतो, हा आमचा अनुभव आहे. त्या मैदानाचा व्यास मोजावा.

समजा, तो वीस सेंटिमीटर भरला. अर्ध्या मिलिमीटर व्यासाच्या थेंबाचें घनफळ सुमारें ०.०६५ घन मिलिमीटर. मैदानाचें क्षेत्रफळ सुमारें ३१,४०० चौरस मिलिमीटर. भागाकार केला कीं जाडी निघते ०.०००००२ मिलिमीटर, म्हणजे दोन नॅनोमीटर. मोहरीनें ओशाळलेल्या मुलास आतां आजोबांनीं पुनः तोच प्रश्न विचारावा.

तेल कोणतें, असें कोणी विचारील. घाण्याचें शेंगदाण्याचें किंवा तिळाचें चालतें. ऑलिव्ह तेल मिळाल्यास अधिक बरें. केंसांस लावावयाच्या कांहीं सुवासिक तेलांत खनिज तेल मिसळलेलें असतें. निव्वळ खनिज तेल पाण्यावर पसरत नाहीं, भिंगासारखें एका जागीं थबकून राहतें. तेंही एकदां पाहण्याजोगें आहे. कारण मग मूल विचारतें, एक तेल पसरतें व दुसरें पसरत नाहीं, तें कां? आणि हा प्रश्न पहिल्या प्रश्नाहून खोल आहे. खाद्य तेलाच्या लांबट रेणूचें एक टोंक पाण्याची आवड असलेलें व बाकीची शेपूट पाण्याचा तिटकारा करणारी असते. म्हणून पाण्यावर पडतांच हे रेणु शीर्षासन घातल्यासारखे डोकें पाण्यांत खुपसून, पाय वर करून, एकास एक लागून उभे राहतात. त्यांस ओळींत कोणी बसवावें लागत नाहीं. सर्वांस पाण्याशीं लागून जागा मिळाली कीं पसरणें थांबतें. खनिज तेलाच्या रेणूस असें डोकेंच नाहीं. आपण मोजली ती जाडी सुमारें एका रेणूच्या उंचीची होती, हें येथें मुलांस सांगावें, आधीं सांगूं नये.

प्रत्येकाचें उत्तर वेगळें येईल. एकाचें एक, दुसऱ्याचें चार. थेंबाचा व्यास अर्ध्याऐवजीं सहा दशांश वाचला गेला तर घनफळ पावणेदोन पटींनीं वाढतें, त्यामुळें असें होणारच. तरीही कोणाचें उत्तर शंभर येत नाहीं, कोणाचें शतांश येत नाहीं. वहींत खोटें ‘दोन’ लिहूं देऊं नये. प्रयोगवहींत पुस्तकांतलें उत्तर उतरून काढण्याची जी खोड आपल्या शाळांतून लागते, ती येथें घरींच मोडावी.

आतां कोणी म्हणेल, वस्तु इतकी लहान झाली म्हणून काय बिघडलें? सोनें तें सोनेंच. तर तसें नाहीं, आणि या विषयाचें खरें मर्म येथें आहे. मायकेल फॅरडे यानें १८५७ सालीं सोन्याचे अत्यंत सूक्ष्म कण पाण्यांत तरंगत ठेविले. तें पाणी पिवळें नव्हे, माणकासारखें तांबडें झालें. त्यानें केलेल्या त्या कुप्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें अजून जपून ठेविल्या आहेत. एकाच पदार्थाचे स्फटिक नॅनोमीटरांच्या मापानें लहानमोठे केले कीं त्यांचा प्रकाश निळा, हिरवा, तांबडा असा बदलतो. या शोधाबद्दल २०२३ सालीं बावेंडी, ब्रूस व येकिमोव यांस रसायनशास्त्राचें नोबेल मिळालें. त्याची उपपत्ति आठवींत शिकविण्याचा अट्टाहास करूं नये. पृष्ठभागाचें गणित मात्र शिकवावें. एक सेंटिमीटर घनाचा पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर. तोच घन एकेक नॅनोमीटरच्या तुकड्यांत चिरला तर सर्व तुकड्यांचा मिळून पृष्ठभाग सहा हजार चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दीड एकर होतो. खडीसाखर आणि पिठीसाखर पाण्यांत टाकून पाहणाऱ्यास याचा अर्थ तेव्हांच कळतो.

सोन्यावरून सुवर्णभस्माची गोष्ट निघणारच, आणि आपल्या घरांतून ती मोठ्या अभिमानानें निघते. कांहीं भस्मांत नॅनोमीटरांच्या मापाचे कण आढळले आहेत हें खरें. त्यावरून ‘आमच्या पूर्वजांस हें शास्त्र ठाऊकच होतें’ असें मुलांस सांगण्याचा मोह होतो. तो आवरावा. भस्म पुरेसें बारीक झालें कीं नाहीं हें पाहण्याच्या दोन परीक्षा रसशास्त्रांत आहेत. एक रेखापूर्णत्व, म्हणजे भस्म चिमटींत चोळलें असतां बोटांवरील रेषांत शिरून बसलें पाहिजे. दुसरी वारितरत्व, म्हणजे तें पाण्यावर तरंगलें पाहिजे. दोन्ही परीक्षा चतुर आहेत. पण बोटावरील रेषेची रुंदी नॅनोमीटरांत मोजूं गेल्यास लाखाच्या घरांत जाते, तेव्हां त्या रेषेनें शंभर नॅनोमीटरचा कण व दहा हजारांचा कण यांतला भेद कळणें शक्य नाहीं. पूर्वजांचा हात बारीक होता. माप त्यांच्यापाशीं नव्हतें. दुसरी परीक्षा पाण्याच्या ज्या ताणावर उभी आहे, तोच ताण आग्नेसबाईंनीं तराजूनें तोलला. एवढें सरळ सांगितल्यानें वडिलांचा मान कमी होतो असें आम्हांस वाटत नाहीं.

अभिमान बाळगावयाचा तर परसांतल्या अळूचा बाळगावा. ‘अळवावरचें पाणी’ असें आपण म्हणतों. तें पाणी पानास चिकटत कां नाहीं, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. कमळाच्या व अळूच्या पानावर सूक्ष्म उंचवटे असतात व त्यांवर मेणाची नॅनोमीटरांच्या मापाची लव असते. पाण्याचा थेंब त्या टोंकांवर अधांतरीं बसतो आणि गडगडतांना धूळ घेऊन जातो. बॉन येथील बार्टलोट व नाइनहुइस यांनीं १९९७ सालीं हें कमळाच्या पानावर नीट उलगडून दाखविलें, आणि आतां त्या धर्तीवर रंग व कापड तयार होतें. मुलांनीं पानाचा अर्धा भाग बोटानें चांगला चोळावा व दोन्ही भागांवर पाणी शिंपडावें. चोळलेला भाग ओला होतो, कारण मेणाची लव मोडली. तसाच चमत्कार काजळाचा. समईच्या ज्योतीवर चमचा धरून काजळी धरावी आणि तो चमचा पाण्यांत बुडवावा. काळा चमचा चांदीसारखा चकाकतो, वर काढला तर कोरडा. काजळीचे मूळ कण दहापासून पन्नासएक नॅनोमीटरांचे असतात.

हे कण दिसतात कशानें? साध्या सूक्ष्मदर्शकानें दिसत नाहींत. झुरिच येथें बिनिग व रोहरर यांनीं १९८१ सालीं जें यंत्र केलें व ज्यास १९८६ चें नोबेल मिळालें, तें पाहत नाहींच. अतिशय सूक्ष्म टोंकानें चाचपतें. बुटांच्या खोक्यांत बुद्धिबळाचीं प्यादीं ठेवून झांकणावर ओळीनें भोकें पाडावीं, विणकामाची सुई प्रत्येक भोकांतून किती खोल जाते तें चौकटीच्या कागदावर मांडावें, म्हणजे झांकण न उघडतां आंतला हत्ती सांपडतो. पावसाळ्यांतल्या दुपारीं हा खेळ दोन तास पुरतो.

रिचर्ड फाइनमन यांनीं २९ डिसेंबर १९५९ रोजीं कॅलिफोर्नियांत जें व्याख्यान दिलें, तें या विषयाचें आद्य व्याख्यान म्हणून गाजलें. त्यांत त्यांनीं शाळकरी मुलांचीच एक स्पर्धा कल्पिली होती: एका शाळेनें टांचणीवर सूक्ष्म अक्षरांत ‘कसें काय जमलें?’ अशा अर्थाचें लिहून ती दुसऱ्या, व्हेनिसच्या (हें व्हेनिस कॅलिफोर्नियांतलें) शाळेकडे धाडावी, आणि त्या शाळेनें त्यांतल्याच एका अक्षरावरच्या टिंबाच्या आंत ‘फारसें नाहीं’ असें लिहून परत पाठवावी. मोठा शास्त्रज्ञ मुलांस परीक्षेचा विषय न देतां खोडी काढण्याचा विषय देतो, ही गोष्ट आपल्या शिक्षकवर्गानें मनावर घ्यावी.

‘हें परीक्षेंत विचारीत नाहींत’ असा आक्षेप येईल. परातीच्या प्रयोगांत गोलाचें घनफळ, वर्तुळाचें क्षेत्रफळ, घातांक व सरासरी हीं सारीं येतात, आणि तीं परीक्षेंत विचारतात. पण खरें कारण निराळें आहे. केंद्र सरकारनें २००७ सालीं एक हजार कोटी रुपयांचें ‘नॅनो मिशन’ काढलें, तेव्हांपासून हा शब्द प्रयोगशाळेंतून निघून बाजारांत शिरला आहे. मलम, रंग, पाण्याच्या गाळण्या, बायकांचे प्रसाधन, मुलांच्या कार्यशाळा, सर्वांवर त्याची मोहोर दिसते. त्यांतील कांहीं वस्तु खऱ्या, कांहीं नुसत्या नांवाच्या. ज्या मुलीनें एकदां स्वतः दोन नॅनोमीटर मोजले आहेत, ती दुकानदारास विचारील: यांत काय आहे, केवढें आहे, आणि मोजलें कोणी? कुटुंबाचा पैसा वांचविणारा हा प्रश्न आठवींतच शिकलेला बरा.

थोड्या सूचना. पावडर शिंपडतांना मुलांनीं नाकापासून दूर धरावी. ती श्वासाबरोबर आंत जाणें चांगलें नव्हे. बाजारांत ‘नॅनो’ भुकटी म्हणून मिळणारे पदार्थ हौसेनें घरीं आणूं नयेत. काजळीचा चमचा मोठ्या माणसानें धरावा, व ती काजळी प्रयोगापुरतीच. डोळ्यांत घालूं नये. प्रत्येक नव्या थेंबाच्या वेळीं परात पुनः धुवावी, कारण पहिल्या तेलाचा थर पाण्यावर असतोच. आणि प्रयोग चालू असेपर्यंत खोलींतला पंखा बंद ठेवावा. वाऱ्यानें पावडर एका कडेस जमा होते आणि मोजावयास कांहीं उरत नाहीं.